चुलीतला काथ्या

घाटकोपर

चि. सुगंधा हिला दादाचे आशीर्वाद.

मी मजेत आहे. पडेन म्हणून तुझा भाचा सर्वेश बाहेरून कुलूप लावून कामाला जातो. मी खिडकीशी शाळेतल्या कविता म्हणतो, कबुतरं ऐकतात.

नात निधी प्रयोगशाळेत थराथरांत धागे घातलेलं सिरॅमिक भट्टीत तापवून तपासते. काल म्हणाली, "आजोबा, ओढलं तर धागे धरून ठेवतात. पण तापल्यावर थर एकमेकांवरून सरकले ना, की वाट लागली!"

चूल तडकू नये म्हणून आई तिच्या मातीत काथ्या मळायची, ते तिला सांगितलं.

मलाही इथे सगळ्यांनी घट्ट धरलंय गं, पण आतून मी सरकतोय.

गावाकडची तुझी चूल तडकली का? नसली तरी सर्वेशला फोन कर. म्हणावं, नवी घालायला दादाच हवा.

वाट पाहणारा,
दादा