मेधाची थर्टी-एट

शनिवार संध्याकाळ, शुगर लँड, टेक्सास

आज काउबॉय शूटिंगच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या बंदुकांनी घड्याळ लावून नेमबाजी करायच्या मॅचमध्ये मेधाने मला हरवलं. चक्क अकरा सेकंदांनी! नऊ वर्षं मी हॅट-बूट चढवून त्या क्लबात जातोय, आणि बायको यायला लागली या मार्चपासून. तिची दोन्ही रिव्हॉल्व्हरं हलक्या कॅलिबरची, थर्टी-एट. झटका कमी, त्यामुळे नेम हलत नाही. माझी फोर्टी-फाइव्ह प्रत्येक गोळीला मनगट पिरगाळते. तरी अकरा सेकंद?

सगळे तिच्याभोवती जमले होते. ती खळखळून हसत होती. घरी अशी कधी हसली होती शेवटची? मला खरं तेच खुपलं. अकरा सेकंद नुसतं निमित्त.

गाडीत म्हणाली, "शिरीष, मनगट सुजलंय तुझं. तूही थर्टी-एट घे ना."

"ती बायकांची," मी म्हणालो. का बोललो मी असं?

घरी बर्फ लावला, तरी चहाचा कप उचलवेना. शेवटी गुपचूप बंदुकांच्या दुकानात फोन करून थर्टी-एटची जोडी बाजूला ठेवायला सांगितली. कुणासाठी, असं दुकानदाराने विचारलं.

"बायकोसाठी," मी बोलून गेलो.

मागून मेधा म्हणाली, "माझ्याकडे आहे की जोडी."

कान तापले माझे. फोनवर त्याला म्हणालो, "सॉरी, माझ्यासाठीच हवीय."

मेधा हसली नाही. बर्फाची पिशवी तेवढी बदलून दिली. हेवा अजून गेलेला नाही. उलट आता धास्तीच वाटतेय, कारण पुढच्या मॅचला हरलो तर झटक्याचं निमित्त सांगता येणार नाही.