काजळ लावलेली बोटं

॥ श्री ॥

मस्तगड, जालना
ता. ९ एप्रिल १९९६

ती. अक्कास,
धर्मराजचा शि. सा. न. वि. वि.

इकडं मी ठीक, तिकडचं तू कळव. परवा तू भुजंगाला मांडीवर घेऊन टेंभुर्णीच्या गाडीत बसलीस, तेव्हा खिडकीतून त्याचा प्लास्टर घातलेला पांढरा पाय तेवढा दिसून राह्यल्ता. मी हात केला, पण तुझं ध्यान न्हवतं. तुझ्या सासूबाई, गोजरआत्याबाई, तर माझ्याकडं पाहतच न्हवत्या. दवाखान्याच्या दारात त्या मला म्हणल्या, की दिवाळीतल्या ग्रहणात ही पोटुशी बाई पाय मुडपून बसली म्हणून पोराचं पाऊल आत वळलं, आणि ग्रहणाचं दुखणं असं लिंपून जात न्हाई. वरतून म्हणल्या, पोराचा पाय गेला तर धर्मराज, टेंभुर्णीच्या वेशीत तुझा पाय दिसू देऊ नको.

मी वरवर हसलो. तुला इथं आणायचा हट्ट माझा. डॉक्टर साहेबांनी प्लास्टर गुंडाळलं, पण पाऊल सरळ धरून ठेवायला हात माझे होते.

या प्लास्टरच्या खोलीत काम धरल्यापासून कळलं, एका पावलामागं किती माणसं लागतात. साहेब हाडाचं पाहतात. मेहरुन्निसा मॅडम, म्हणजे त्या व्यायामवाल्या, ज्यांचा हात तू घट्ट धरून बसल्ती, त्या शिरा सैल करून घेतात. पुढं बूट लागतो, तो बनवणारा औरंगाबादला. आणि मधी मी, पट्ट्या भिजवणारा. मॅडम म्हणतात, यातला एक जरी झोपला तर लेकरू वाकडंच चालायचं. औरंगाबादला प्लास्टरचं काम शिकवतात, दहावीवर घेतात. त्या म्हणल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली ती काय सिनेमाचे तंबू ठोकायला? मी म्हणलं, मॅडम, माझा पाय एका जागी ठरत न्हाई. तर म्हणल्या, मंग त्यालाही प्लास्टर घालू.

आता मुद्द्याचं. गाडी सुटायच्या गडबडीत तुला एक सांगायचं राहून गेलं. मॅडमनी मला बजावलंय, बोटांबद्दल हाये, फार जरुरी. खाली बराबर लिहितो.

तंबूवरून आठवलं, काल मोंढ्यात अजमत भेटला. मी ज्याच्या टुरिंग टॉकीजवर होतो तोच. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला त्यानं खेळ लावला, अन् अर्ध्यातच मशीन जळलं. लोक उठेनात. शेवट दाखव म्हणून हटून बसले. मंग अजमतनं पडद्यापुढं उभं राहून उरलेला सिनेमा तोंडानं सांगितला, मारामारीसकट. लोक म्हणले, मशिनीपेक्षा हेच बरं. तो मला पुन्हा बोलावून राह्यला. ट्रक आठेक दिवसांत निघतो. जावं का? मन तर निघालंच. पण पेटी उघडायला पोस्टमन आला वाटतं, बंद करतो.

लोभ ठेव, आत्याबाईंच्या रागातून उरेल तेवढा.

तुझा
धर्मराज

॥ श्री ॥

टेंभुर्णी
ता. १३ एप्रिल १९९६

चि. धर्मास,
अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र पोस्टात न टाकता महेमूदभाई कंडक्टरजवळ देऊन राह्यले. सकाळच्या गाडीनं ते जालन्याला येतात, तुला दवाखान्यात आणून देतील. तुझं पत्र काल भेटलं. बोटांबद्दल खाली लिहितो म्हणलास आणि खाली अजमतचा सिनेमा. मी कागद उलटून पाह्यला, पाठीमागंही न्हाई. लहानपणी तुला मीठ आणायला धाडलं की तू डोंबाऱ्याचा खेळ पाहून रिकाम्या हातानं यायचास, तसंच झालं. बोटांचं काय रे?

भुजंग परवापासून सारखा रडून राह्यला. पाजायला घेतलं तर तोंड फिरवतो. आत्याबाई म्हणतात दृष्ट लागली. आळीतल्या बाया पांढरा पाय पाहायला येतात. उघडी काय ती बोटंच, म्हणजे नजर तिथंच बसणार, म्हणून आत्याबाई रोज सकाळी त्या पाचही बोटांना काजळ चोपडतात. वरच्यावर थर चढलाय. पुसते म्हणलं तर माझा हात झटकला. म्हणल्या, ग्रहणात ऐकलं न्हाईस, आता तरी ऐक.

आज त्या पाण्याला गेल्यावर मी बोटं हातात धरली. गार लागली. एवढ्या उन्हाळ्यात गार. जाडही वाटली, का काजळाचा थर हाये, समजंना. प्लास्टरला कुणी हात लावायचा न्हाई असं साहेबांनी सांगितलंय, म्हणून मी नुसती बसून हाये. हे म्हणतात, दात येत असतील. दोन महिन्यांच्या लेकराला कुठले दात?

शेजारच्या मालनबाईच्या पोरीचा पाय असाच हाये. मालनबाई रोज दारात येऊन उभी राहते. विचारत काही न्हाई, नुसती पाहते. तुझ्या पोराचं पाहून ठरवीन म्हणल्ती. तिची नजर मला सहन होत न्हाई.

बोटांचं काय ते जल्दी कळव. मला भीती वाटून राह्यली. आत्ताही तो रडतोय, पण आवाज बसलाय त्याचा.

आशीर्वाद आहेतच, ते न मागताही पोचतात.

तुझी
अक्का

मस्तगड, जालना
ता. १८ एप्रिल १९९६

या वेळी नमस्काराच्या आधी लिहितो. बोटं रोज उघडी पाह्यची. एकेक दाबून सोडायचं. दाबलं की पांढरं होतं, सोडल्यावर लगेच लाली परत आली पाहिजे. न्हाई आली, निळं दिसलं, सुजलं, गार पडलं, तर घडीभर न थांबता दवाखाना. बोटांना काही लावायचं न्हाई. आता नमस्कार.

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुझ्या घरात काय झालं ते तुझ्यासमोर झालं. त्याच्या आधीचं तुला ठाव न्हाई, कारण मी कात्री घेऊन आलो तेव्हा सांगायला सवडच न्हवती.

महेमूदभाईंनी चिठ्ठी दिली. मी हसत वाचायला लागलो, डोंबाऱ्यापर्यंत हसत होतो. मंग काजळ. मंग गार. साहेब ऑपरेशनमध्ये होते. मी मॅडमकडं पळालो. त्यांनी चिठ्ठी वाचली अन् त्यांचा चेहरा उतरला तो मी पाह्यला. मॅडमसारख्या बाईचा चेहरा उतरला की मंग आपण कुणाकडं पाह्यचं? त्या म्हणल्या, काजळाखाली काय हाये ते कुणालाच दिसून न्हाई राह्यलं. आत प्लास्टरमधी पाय सुजून आवळला असेल. त्यांनी सिस्टरला ऑपरेशनच्या खोलीत धाडलं. साहेबांनी आतूनच निरोप दिला, लेकराला इकडं आणण्यात वेळ घालवू नका, तिथंच कापा, मंग आणा. तुमच्या टेंभुर्णीच्या प्रभावती सिस्टरला फोन लावला तर लाईन बंद. मॅडमनी कात्री पेपरात गुंडाळून दिली, कसं कापायचं ते माझ्याच दंडावर बोट फिरवून दाखवलं.

महेमूदभाईंनी परतीची गाडी माझ्यासाठी धरून ठेवल्ती. वाटेत दोन थांबे त्यांनी तसेच सोडले. मागं एक बाई शिव्या देऊन राह्यली, माझं गाव गेलं म्हणून. दरवेळी मी खिडकीतून काय काय पाहत बसतो. त्या दिवशी बाहेर काय होतं, आठवत न्हाई. गुडघ्यावर कात्री होती, तेवढीच पाहत होतो. वाटायचं, वेशीत शिरताना घरातून मोठ्यानं रडण्याचा आवाज आला तर मी उतरू का तसाच पुढं जाऊ? खरं सांगतो अक्का, पुढं जाण्याचाच विचार जास्ती आला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लेकराला आणलं तेव्हा साहेब म्हणले पाऊल वाचलं, टाचेची जखम भरेल, पण करंगळीचं आत्ता सांगता येत न्हाई. तेव्हापासून माझ्या डोळ्यापुढं तेवढं एक बोट हाये. अजमतचा ट्रक काल गेला. मी मोंढ्यापर्यंत गेल्तो, पिशवी घेऊनच. मंग आठवलं, करंगळीचं पत्र इथं येणार, ट्रकवर न्हाई. परत आलो.

करंगळीचं काय ते लिही. वाईट असलं तरी लिही.

लोभ कमी झाला असेल तर समजू शकतो, संपवू तेवढा नको.

तुझा
धर्मराज

॥ श्री ॥

टेंभुर्णी
ता. २७ एप्रिल १९९६

चि. धर्मास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

आधी करंगळी. निळेपणा गेलाय. नख काळं पडलं, ते गळेल असं प्रभावती सिस्टर म्हणतात. टाच सुकली. भुजंग अंगावर बराबर पिऊन राह्यला.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. आता माझं ऐक. प्लास्टर तू कापलंस असं तू सगळ्यांना सांगत असशील. तुझी कात्री एका जागी ठरत न्हवती, म्हणून प्रभावती सिस्टरनं तुझं मनगट धरलं आणि तुझ्या हातानं त्यांनीच कापलं. तुला कळलंही न्हाई. खोबरेल तेलानं काजळ पुसलं आणि खाली ती निळी बोटं दिसली, तेव्हा आत्याबाई भिंतीला जाऊन टेकल्या. काजळाची डबी त्यांनी पदराखाली घेतली. ते फक्त मी पाह्यलं. त्या दिवसापासून त्यांनी ग्रहणाचं नाव काढलेलं न्हाई.

सोमवारी पुन्हा प्लास्टरला घेऊन येते. हे नको म्हणून राह्यले होते. म्हणले, एकदा वाचला, पुन्हा कशाला जीव टांगणीला? मलाही तसंच वाटतं, खोटं कशाला सांगू. आत्याबाईच म्हणल्या, न्यायचं. पण मी आत उभी राहणार, आणि त्या मॅडमला म्हणावं बोटं दाबायची मला स्वतः शिकवा. ते कोर्सचं काय केलंस तेही त्यांच्यासमोर सांग, तुला फॉर्म भरायला लावतील.

मालनबाईला म्हणलं, चल, तुझ्या पोरीलाही दाखवू. ती म्हणली, याचं नख परत येऊ दे, मंग पाहू. रागावता येत न्हाई तिच्यावर.

काजळ आता कपाळाला, एक टिकली. आत्याबाई रोज सकाळी चहाआधी त्याच्या पायाशी बसतात. एकेक बोट दाबतात, सोडतात. चार बोटं लगेच लाल होतात. करंगळीला वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींकडं पाहत न्हाई.

माया आहे ती आहेच. सोमवारी पाऊल धरायला तूच उभा राहा.

तुझी
अक्का