लाल जावा आणि एकशे चोपन्न किलोमीटर

गुरुवार, २ मे २०२४. संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. आत्ताच मोटरसायकलच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं, हात धुतले आणि लिहायला बसलो.

मी, राडिम ह्लोबिल, वय बत्तीस, अविवाहित, धंदा लेथवरचं काम, राहणार दोल्नी वेस्का, मोराव्हिया, चेक प्रजासत्ताक, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, आजार काही नाही, कोणी भरीला घातलेलं नाही. परवा शनिवारी ही मोटरसायकल मी प्रथमच गावाबाहेर नेणार आहे आणि सोबत एक म्हातारा माणूस असेल, एवढंच कारण. माझी थोरली बहीण ब्लांका म्हणाली, "बावीस किलोमीटरसाठी मृत्युपत्र? दाताच्या डॉक्टरकडे जाताना काय शवपेटी घेऊन जातोस?" तरीही लिहितो. धंदेशिक्षणाची शाळा मी दुसऱ्या वर्षीच सोडली, म्हणून प्रत्येक शब्द तपासून लिहिला आहे.

एक. घरातला माझा अर्धा हिस्सा ब्लांकाताईला. बँकेत एक्कावन्न हजार कोरुना आहेत, त्यांतून आधी तिचं माझ्याकडचं देणं वळतं करावं. उरेल तेही तिचंच.

दोन. माझी मोजमापाची हत्यारं कारखान्यातल्या माझ्या कपाटात ठेवावीत. जो वापरून पुसून ठेवील, त्याची ती.

तीन. मोटरसायकल गंजू नये म्हणून आणलेलं, खोलीतली हवा कोरडी ठेवणारं यंत्र माझा चुलतभाऊ हिनेक याला. "बँकेत काय ठेवतोस येड्या, जुन्या लोखंडात घाल. दर वर्षी दहा टक्के बसल्या जागी!" असं तो २०१६ साली म्हणाला होता. त्याने स्वतः एक कोरुनाही घातला नाही. यंत्र चालू स्थितीत आहे.

चार. मोटरसायकल. इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल.

लाल जावा २५०, सन १९६०. शेजारचे बोहुमीर झापलेताल यांनी बाविसाव्या वर्षी ती कोरी घेतली. सहाशे दिवसांचा पगार गेला, असं ते सांगतात. दर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते बायकोला, लुडमिलाकाकूंना, मागे बसवून लुहाच्या तळ्यावर जात. तिथल्या खानावळीत तळलेला मासा खायचा आणि परत यायचं. जायला अकरा किलोमीटर, यायला अकरा. काकू गेल्यावर, २०१७ च्या उन्हाळ्यात, त्यांनी गाडी विकायला काढली. शहरातला एक व्यापारी एक लाख वीस हजार देत होता. मला त्यांनी ऐंशी हजारांत दिली.

"तो तिला काचेत ठेवील," काका म्हणाले. "तू चालवशील ना?"

"चालवीन, काका."

"मग वर्षातून एकदा मला मागे बसवून तळ्यावर ने. बाकी काही नको."

मी हो म्हणालो. माझ्याकडे तेव्हा चालवायचा परवानाही नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

गाडी मी खोलीत ठेवली, चाकं जमिनीपासून उचलून, वर कापड घालून. मे महिना आला की काका जुनं चामडी हेल्मेट घेऊन आमच्या बाकावर येऊन बसत. "निघायचं?" मी म्हणे, टायर जुने आहेत. पुढल्या वर्षी म्हणालो, विमा व्हायचाय. मग, पाऊस येईल. ते आभाळाकडे बघत. आभाळ निळं असे. "हो, येईलसं वाटतंय खरं," असं म्हणून ते घरी जात.

टाकीच्या दोन्ही बाजूंची गुडघ्याची रबरं कधीच हरवली होती. तिथला रंग काकांच्या गुडघ्यांनी झिजून पांढुरकं लोखंड दिसत होतं. मागच्या मडगार्डवर काकूंच्या टोपलीच्या दोरीचा चरा होता. किंमत वाढावी म्हणून २०२२ च्या हिवाळ्यात मी सगळं घासून नवा रंग दिला, क्रोम चढवलं. चौसष्ट हजार गेले. मग किंमत ठरवणारा माणूस आला. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "हा उद्योग कोणी केला?" एकाच मालकाची, मूळ रंगाची, झिजलेली गाडी अडीच लाखांना गेली असती. आता एक लाख दहा.

ते दुःख मी सोसलं असतं. पण पुढच्या मे महिन्यात काका आले, मी कापड काढलं. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, जिथे गुडघा लागतो तिथे थांबवला, आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "छान आहे. कोणाची?"

त्यानंतर ते बाकावर आले नाहीत.

यंदा मार्चमध्ये मी परवाना काढला आणि त्यांच्या दारात गेलो. म्हणाले, "उशीर केलास रे. आता पाय सीटवरून पलीकडे जात नाही." मी ब्लांकाताईकडून तीस हजार घेऊन साइडकार आणली. वेल्डर व्लास्टिमिल जोडताना म्हणाला, "आता हिची किंमत नव्वदवर आली बघ." मी म्हटलं, जोड. पुन्हा काकांकडे गेलो.

"साइडकारमध्ये? मी काय बटाट्याचं पोतं आहे?" ते बराच वेळ पुटपुटत राहिले. मग म्हणाले, "हेल्मेट मात्र मी माझंच घालणार."

म्हणून असं ठरवतो: माझं काही झाल्यास गाडी ब्लांकाताईला. तिने ती विकू नये, चालवावी. काका असेपर्यंत दर मे महिन्यात त्यांना तळ्यावर न्यावं. पुन्हा रंग देऊ नये. टाकीला गुडघ्याची रबरं लावू नयेत. झिजू द्यावी.

पाच. शनिवारी दोघांनाही काही झालं, तर चूक माझी समजावी, गाडीची नव्हे.

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळणार नाही: द्राहोमीरा कोउत्ना, टपाल वाटणाऱ्या, व्लास्टिमिल रेझेक, वेल्डर. दोघांनी माझ्यासमक्ष सही केली. व्लास्टिमिल हसत होता, पण सही नीट केली.

सही: राडिम ह्लोबिल
दोल्नी वेस्का, २ मे २०२४

सोबत हिशेब.
खर्च: गाडी ८०,०००, रंग व क्रोम ६४,०००, यंत्र, कापड, स्टँड १९,५००, किंमत ठरवणाऱ्याची फी ३,०००, साइडकार ४२,०००. एकूण २,०८,५०० कोरुना.
आजची किंमत: ९०,०००.
देणं: ब्लांकाताईचे ३०,००० कोरुना.
देणं: बोहुमीरकाकांच्या सात वर्षांच्या सात फेऱ्या, म्हणजे १५४ किलोमीटर. शनिवारी २२ फिटतील. बाकी १३२. काका शहाऐंशी वर्षांचे आहेत.