सोडायला नाही, पोचवायला

बाबा, आता विमानतळावरून शहरात यायला मेट्रो आहे. बसून जरा पेपर चाळावा तोवर नवी दिल्ली स्टेशन येतं. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. एवढ्याशा वेळात माणूस पोचवून होतो का, म्हणाला असतात.

गोल मार्केटच्या आपल्या सरकारी क्वार्टरमध्ये पुण्याहून, नागपूरहून कोणी ना कोणी उतरलेलं असायचंच, आणि त्यातलं एखादं विमानाने परत जाणारं निघालं की तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकायचात. कॅनॉट प्लेसहून पालम विमानतळाची बस. पाहुण्याला खिडकी देऊन त्याची बॅग तुम्ही स्वतःच्या मांडीवर घेता, आणि त्याने न विचारलेली रिजच्या टेकाडावरची झाडं दाखवत बसता. पाहुणा आत गेला की त्याच बसने एकटे परत. आई वैतागायची. "अहो, मोठी माणसं आहेत ती, जातील की आपली आपण." मी नोकरीसाठी बेंगळुरूला निघाले तेव्हा मीही तेच म्हटलं, दिल्लीत वाढलेल्या पोरीच्या मराठीत. "बाबा, मला सोडायला येऊ नका ना, प्लीज." तुम्ही चपला घालता घालता थांबलात. "सोडायला? तू काय मांजर आहेस, पोत्यात घालून सोडून यायला? सोडायला नाही, पोचवायला म्हणावं. माणसाला पोचवतात." धाकटा हसत सुटला, "क्या बाबा, सोडायला काय, पोचवायला काय, सगळं सेमच तर आहे." त्यालाही बोलणी बसली. मग तुम्ही बॅग उचललीत आणि आलातच.

तुम्ही गेलात तो जानेवारी होता. मी दुपारी बेंगळुरूहून उतरले, टॅक्सी केली, आणि परेडच्या तालमीसाठी पुढचे रस्ते बंद असल्यामुळे धौला कुआँला अडकले. तुमचा चेहरा एकदा बघायचा, एवढंच मला हवं होतं. धाकट्याचा फोन येतो, "ताई, कुठपर्यंत आलीस?" मी सांगते, धौला कुआँ. पुन्हा फोन, पुन्हा धौला कुआँ. ऊन उतरायला लागलं. शेवटच्या फोनवर तो म्हणाला, "ताई, सगळे म्हणतायत, अब और नहीं रुक सकते. आम्ही बाबांना पोचवायला निघतोय." आयुष्यात पहिल्यांदा त्याने तुमचा शब्द वापरला, आणि बरोबर वापरला.

मला हुंदका आवरेना. टॅक्सीवाल्या सरदारजींनी आरशातून पाहिलं. "क्या हुआ बेटा? कहीं टाइम पे पहुँचना था?" हिंदीत मला दुसरा शब्द सुचला नाही. "पापा को छोड़ने जाना था." ते गोंधळले. "लेकिन बेटा, एअरपोर्ट तो पीछे रह गया." बिचारे हात करून मागचा रस्ता दाखवत होते. घाटावर पोचले तेव्हा चिता पेटलेली होती. तुम्ही जन्मभर सगळ्या जगाला पोचवलंत आणि तुमच्या वेळी मी वाटेतच होते, याचा राग मला अजून येतो, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही.

आता मी परत दिल्लीतच राहते. परवा माझी लेक इथून शिकायला परदेशी गेली. "आई, मेट्रो तर आहे, तू कशाला?" म्हणाली. तरी गेलेच, तिची बॅग मांडीवर घेऊन. परतताना धौला कुआँला गाडी जमिनीखालून वर उजेडात आली. खाली मोटारी तशाच तुंबलेल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले.

हे कागद मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे, धाकट्यालाही दाखवणार नाही. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. परवा घरून निघताना त्याचा फोन आला होता, कुठे चाललीस म्हणून. मी म्हटलं, "लेकीला सोडायला." त्याने मला दुरुस्त केलं नाही. बरोबर शब्द मला येतो, बाबा. पण तुमच्यानंतर जिवंत माणसासाठी तो माझ्या तोंडून निघत नाही.