सुईच्या आधी धवला

सोम. १० नोव्हेंबर
आजही दोनदा टोचलं. रक्त द्यायला आलेले आजोबा नुसते खिडकीकडे बघत राहिले. ते जास्त लागलं. तिसऱ्यांदा टोचायचं नाही हा लॅबचा नियम, म्हणून सोबतच्या प्रवीणला हाक मारली. त्याने लगेच ट्यूब भरली. यापुढे दोनदा टोचलं की इथे नुसतं 'दो' लिहीन. पूर्ण लिहवत नाही.

लॅबच्या लिमये मॅडमनी आत बोलावलं. वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पण सुई जवळ नेलीस की श्वास रोखतेस, मग हात कडक होतो." महिनाअखेरपर्यंत बघू म्हणाल्या. नाही जमलं तर रक्त काढणं बंद, काउंटरवर बसायचं, पावत्या द्यायच्या. डीएमएलटीचा, लॅबचा कोर्स करून! घरात शाळेत गेलेली मी पहिली. घरी आयला काय सांगू?

मॅडम ओरडल्या असत्या तर सोपं होतं. चांगल्या वागल्या. आभार मानायचे राहिले, ते उद्या मानायचे. जाताना म्हणाल्या, "शांत संगीत ऐकत जा जरा."

बुध. १२
आभार मानले. मॅडमना कशाबद्दल ते कळलंच नाही.

लॅबला जाताना बसमध्ये मोबाइलवर बासरी आणि वाहतं पाणी लावलं. जासईच्या पुढे ट्रेलरांच्या रांगेत बस अडकली आणि त्या पाण्याने मला भलतीच घाई लागली. पनवेल येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. उद्यापासून पाणी बंद.

नुसती बासरीही नीट ऐकता येत नाही. सारखी तपासत राहते, झाले का शांत? आता?
दो.

शुक्र. १४
संध्याकाळी मावशी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. रविवारी तिला एका लग्नात गायचंय. मावशी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पुढचं सगळं तिच्या धवल्यांवर चालतं. तिने गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. निवडता निवडता हळदीचा धवला म्हणत होती. जन्मापासून ऐकतेय, पण आज कान देऊन ऐकला. ओळ एवढी लांब की मधे श्वास घ्यायला जागाच नाही. आहे तो सगळा हळूहळू सोडत जावा लागतो.

मी मनातल्या मनात तिच्याबरोबर होते. एकदम लक्षात आलं, खांदे खाली आलेत. दुपारपासून वर होते ते.

रात्री गाढ झोप. किती दिवसांनी!

शनि. १५
केलं. एक जाड बाई, शीर दिसत नाही, बोटालाच लागते फक्त. दंडाला पट्टा बांधला, सुई घेतली, आणि श्वास अडकायच्या आधी धवल्याची ओळ सुरू केली. शब्द नाहीत, नुसती चाल, ओठ मिटून. ओळ संपेपर्यंत ट्यूब भरत होती. बाई म्हणाल्या, "झालं? मला कळलंच नाही गं."

कळलंच नाही. हे वाक्य मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटं रडून आले.

बुध. १९
शनिवारपासून एकही दो नाही. लिहायलाही भीती वाटते, दृष्ट लागेल. प्रवीण म्हणतो, "काय रेडिओ लावलायस? कुठलं स्टेशन?" मॅडम दारातून बघून गेल्या.

आज आमच्याच गावातल्या हौशाआजी शुगरसाठी आल्या होत्या. ओळ ऐकली आणि ताठ बसल्या.
"कोनाची हलद हाय गो?"
सुई आत. मला बोलता येईना.
"लाजते बग! तुजीच हाय."
ट्यूबवर नाव लिहून वर बघते तर आजी गेलेल्या. उद्या घरी जाऊन सांगायला हवं की तसं काही नाही. एवढ्याशासाठी जायचं? पण नाही गेले तर खोटं बोलल्यासारखं होईल.

शनि. २२
गेले नाही. जायला हवं होतं.

आय बाजारातून आली ती पिशवी आपटतच. "तुजा लगीन ठरला आन् मना, आयलाच, ठाव नाय? बाया इचारतान, नवरा आपट्याचा हाय ना? साडी कवा घेनार?"
हा आपटा गावचा नवरा कुठून आला, देव जाणे. बाजाराच्या एका फेरीत त्याला घर आणि बाइकसुद्धा मिळाली होती.

मला हसू आवरेना. मावशी हसली नाही. "हौशाला कसा वाटला लगीन हाय? तू काय म्हनत होतीस?"
सगळं सांगितलं. सुई, श्वास, महिनाअखेर, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "धवल्यात आमी देवांना बोलावतो. देव येतान. तिथं ना मांडव, ना नवरी. त्यांना जेवाला कोन घालनार, तुजी मॅडम?"
मी म्हटलं, शब्द नाही म्हणत, नुसती चाल.
"देवाला चाल कलत नाय?" आणि मग, "गाना म्हंजे गोली हाय का, डोका दुखला का गिलली?"

रोज सकाळी उपाशीपोटी आलेल्या माणसांत मी देवांनाही बोलावून उपाशी परत पाठवत होते की काय? हे मूर्खासारखं आहे. तरी छातीतून जात नाही.

रवि. २३
मावशी लग्नाला गेली, दुपारीच परत. धवला म्हणताना चक्कर आली. बायांनी धरून बसवलं. आता पडून आहे. रक्त तपासू म्हटलं तर भिंतीकडे तोंड केलं. शेपाचशे माणसांसमोर गाणारी बाई सुईला घाबरते. मला ठाऊकच नव्हतं.

मंगळ. २५
दोन दिवस गुणगुणणं बंद. काल दो. आज दो. आजच्या माणसाने तर हात ओढून घेतला, "शिकाऊ आहे का?" प्रवीणने सांभाळलं. नंतर चहा आणून दिला आणि म्हणाला, "रेडिओ बिघडला का?" चांगला आहे तो. मी नीट बोललेसुद्धा नाही त्याच्याशी.

बासरी पुन्हा लावली. बासरी चांगलीच आहे. तिची काही चूक नाही.

घरी आय सगळ्यांना सांगत फिरतेय, लग्न नाही, काही नाही. आता बाया म्हणतात, मोडला.

शुक्र. २८
हात अजून गरम वाटतायत.

मावशी आली लॅबमध्ये. आयने ओढतच आणली. मावशीची अट एकच, "ही पोर काढील तर." प्रवीणकडे बघायलाही तयार नाही. मॅडम उठून दाराशी येऊन उभ्या. मी मनात म्हटलं, आज संपलं.

मावशी खुर्चीत. तोंड पांढरं. "सांगून टोच. नको, नको, सांगू नको."
तिचा हात धरून सरळ केला. माझी भीती ओळखीची, तिची पहिल्यांदाच बघितली. पट्टा बांधला. शीर सापडली. श्वास अडकला, नेहमीसारखा.

आणि मावशी गायला लागली. हळदीचा धवला, शब्दांसकट, मोकळ्या आवाजात. तिने ठरवून नाही केलं, तिच्या तोंडून आलं ते. बाहेर बाकावरची माणसं वळून बघायला लागली. माझा श्वास तिच्या ओळीबरोबर सुटत गेला आणि सुई कधी आत गेली ते मला खरंच सांगता येणार नाही. जांभळ्या टोपणाची ट्यूब भरली, मग दुसरी. कापूस लावला तरी ती थांबली नाही. ओळ पुरी केली.

मग डोळे उघडले. मी तिच्याकडे, ती माझ्याकडे. काय केलं ते तिच्या लक्षात आलं होतं. मी ट्यूबवर तिचं नाव लिहायला घेतलं.

उपाशी आलेल्यांना आम्ही बिस्किटांचा पुडा देतो. तिने तो फोडला, पहिलं बिस्किट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, हात जोडले, आणि दुसरं खायला लागली. "चाय नाय देत काय तुमी?"

आय म्हणाली, "आता सगला पनवेल बोलील, मावशीचाच लगीन हाय."

शनि. २९
मावशीचं हिमोग्लोबिन कमी. चक्कर त्याचीच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. मोठं काही नाही. किती हलकं वाटतंय ते लिहिता येत नाही. कोणाकोणाचे उपकार मानू?

मॅडमनी बोलावलं. "सोमवारी सकाळी एक बाई येतील. केमो चालू आहे, शिरा जवळजवळ राहिल्याच नाहीत. तू घे. मग तुझं ठरवू."
मी हो म्हटलं. नाही म्हणायला हवं होतं का? त्या बाईंच्या बाजूने विचार केला तर? मॅडमना हे विचारलं. त्या म्हणाल्या, "हे विचारतेस म्हणूनच तुला देतेय."

रवि. ३०
मावशीबरोबर हळदीला गेले, बेलपाड्याला. सगळीकडे टॉवर, मधे जुनी घरं, त्यातल्या एका अंगणात मांडव. बाहेर डीजेवाला वाट बघत बसलेला. मावशीचा दम अजून पुरा नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "मागं उभी रहा. मी सोडलं का तू धर."

धरलं. तिने अर्ध्यावर सोडलेली ओळ मी शेवटपर्यंत नेली. पहिल्यांदा आवाज फुटला, दुसऱ्यांदा कमी. नवरी डोळे मिटून बसली होती, गालावरून हळद ओघळत होती. इथे सुई नव्हती, कोणी वाट बघत नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं. तरी भीती होती, आणि तरी गायले. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. धन्यवाद. कोणाला ते माहीत नाही. सगळ्यांनाच.

येताना रिक्षात मावशीला विचारलं, "उद्या त्या बाईंपाशी म्हणू का?"

ती बाहेर बघत राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही तिने. खांदेश्वरचा सिग्नल गेला तेव्हा म्हणाली,

"पट्टा जरा ढिला बांध तिला. माजा दंड अजून ठनकतो."