लेफ्ट बॅकच्या जागी

बाबा, मैदानावर तुम्हाला सर म्हणायचं आणि घराचा उंबरा ओलांडल्यावर बाबा, हा नियम तुम्ही घातला होता आणि कॉलेजची सगळी वर्षं मी तो पाळला. आज पाळणार नाही. विषय फुटबॉलचा असला तरी बाबाच म्हणणार, कारण सरांशी बोलून कधी काही उपयोग झाला नाही. सर शिट्टी वाजवून विषय संपवायचे. बाबा निदान जेवताना मान तरी हलवायचे. तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं झाली. तुमची नात तेव्हा मांडीवर होती, आता ती डनेडिनला युनिव्हर्सिटीत शिकते आणि मी इथे ऑकलंडला, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरातल्या घरात, हॉस्पिटलच्या फार्मसीतली ड्यूटी संपवून तिच्या रिकाम्या खोलीत हे लिहीत बसले आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे. इतकी वर्षं राहून गेलं.

तुम्हाला माहीत नाही, पण मीही कोच झाले. दोन हजार सोळा साली, तुमची नात सोळा वर्षांची असताना. इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात. तिच्या कॉलेजच्या मुलींच्या फर्स्ट इलेव्हनचा कोच सीझनच्या तोंडावर नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला आणि पालकांची मीटिंग बोलावली. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मी म्हटलं, मी खेळलेली आहे. संघाची मॅनेजर म्हणजे आमच्या गोलकीपरची आई, सामोअन, आवाज असा की चार मैदानांवर ऐकू जावा. तिने "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या भाषेत झकास, असं म्हणून बॉलची पिशवी माझ्या हातात दिली. एवढीच निवड प्रक्रिया. आमच्या इथल्या मराठी मंडळींना मात्र हे पटायला वेळ लागला. "तू कोल्हापूरची ना? मग कुस्ती शिकव," असं एका पुणेकराने मला बटाटेवडा खाता खाता सांगितलं. कोल्हापुरात फुटबॉलवरून सख्खे भाऊ महिनाभर बोलत नाहीत, हे त्याला समजावून सांगण्यात मी वडा थंड केला.

मे महिना होता, इथल्या थंडीची सुरुवात. पहिली मॅच आदल्या वर्षीच्या विजेत्या कॉलेजशी, शनिवारी सकाळी. संघ गुरुवारी प्रॅक्टिस संपली की व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, अशी पद्धत. दहा जागांचा प्रश्न नव्हता. गोलमध्ये मॅनेजरची मुलगी, नेटबॉल सोडून आलेली, तिचे हात बॉलला चिकटायचे. मधल्या फळीची सूत्रं साउथ आफ्रिकेहून आलेल्या एका अबोल मुलीकडे. पुढे जी होती तिचं मनगटाचं प्लास्टर आदल्याच आठवड्यात निघालं होतं आणि ती कुणाला तरी धडक द्यायला आतुर झाली होती. राहिली लेफ्ट बॅकची जागा. तिथे दोघी होत्या. एक होती चपळ, दणकट, समोरच्या मुलीच्या पायात बिनधास्त घुसणारी. दुसरी माझी मुलगी. ती पळायला जरा कमी, पण घुसायची नाही. थांबायची. समोरचीला हळूहळू लाइनकडे ढकलत न्यायची आणि तिला जागाच उरू द्यायची नाही. विजेत्यांच्या उजव्या बाजूला जी विंगर होती ती घुसणाऱ्या मुलींना हुलकावणी देण्यातच तरबेज होती. तिच्यापुढे थांबणारी मुलगी हवी होती. हे मला स्वच्छ दिसत होतं, कारण तीच जागा मी खेळले आहे, आणि ती खेळायला तुम्हीच शिकवलं आहे.

आणि तरी सगळ्यांना एकच सुचत होतं. मॅनेजर म्हणाली, "तुझं तू ठरव, पण पहिल्या गेमला तिला बेंचवर ठेवलंस तर तुलाच सोपं जाईल." दुसऱ्या मुलीचे वडील रोज प्रॅक्टिसला कॉफीचा कप घेऊन उभे असायचे. ते कपाच्या वरून माझ्याकडे बघत राहायचे. हिल्सबरोला एका मैत्रिणीकडे जेवायला गेलो होतो तर तीही पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अगं, एकच मॅच बसव की तिला. दिसायला बरं दिसतं." तो शब्द ऐकला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा काही दोष नव्हता, बाबा. तो शब्द तुमचा होता.

मी कॉलेजात आहे, कोल्हापुरात, आणि आपल्या स्वयंपाकघरात आई चुलीपुढे बसली आहे. तुम्ही मोरीत पाय धुताय. दुपारी जिमखान्याच्या खोलीत फळ्यावर तुम्ही खडूने अकरा नावं लिहिली आहेत, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यासाठी, आणि त्यात माझं नाव नाही. मी पुन्हा पुन्हा वाचलं. लेफ्ट बॅकच्या जागी जिचं नाव आहे तिला डाव्या पायाने बॉल मारताच येत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. आई भाकरी थापायची थांबून विचारते, "पोरीला का नाही घेतली?" आणि तुम्ही पाय पुसत म्हणता, "घरचीच घेतली तर लोक बोट दाखवतील. जरा बाहेर बसलेली दिसली म्हणजे बरं दिसतं." माझ्याशी नाही, आईशी. मी तिथेच ताटं मांडत होते. मी रडायला लागले तेव्हा कुठे तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं. "रडायचं असेल तर खेळू नकोस," म्हणालात, आणि पाटावर बसलात. त्या रात्री मी जेवले नाही, आणि तुम्ही मला जेव म्हणाला नाहीत.

सामना आपण जिंकलो. तुम्हाला वाटलं, मिटलं. जिंकलो म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही, बाबा. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्यासाठी नवे बूट आणलेत. एक शब्द न बोलता कॉटवर ठेवून गेलात. पगाराच्या आधीचे दिवस होते, म्हणजे ते उसनवारीचे असणार, हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी ते जिमखान्यात नेले आणि माझ्या जागी खेळणाऱ्या मुलीला देऊन टाकले. तिला ते मोठे झाले, ती पुढे कापूस कोंबून खेळली. तुम्ही ते तिच्या पायात पाहिलेत आणि मला कधी विचारलं नाहीत. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मला राग कशाचा येतो ते सांगते. तुम्ही भित्रे असता तर मी सोडून दिलं असतं. गावात मुलींचा संघ काढला तो तुम्ही. पोरी हाफ पँट घालून मैदानावर उतरल्या म्हणून गल्लीने काय काय नावं ठेवली, तुम्ही कुणाला भीक घातली नाहीत. प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन भांडलात. आणि हाच माणूस स्वतःच्या मुलीचं नाव फळ्यावर लिहायची वेळ आली की मागे सरला. मला ठाऊक आहे, तुम्ही एकटेच असे नव्हता. शिक्षकांच्या घरात असंच चालायचं. गणिताच्या सरांचा मुलगा वर्गात सगळ्यात आधी मार खायचा, मराठीच्या बाईंच्या मुलीला निबंधाला कधी पहिला नंबर नाही. सगळे म्हणायचे, काय निःपक्षपाती माणसं आहेत. अहो, कसली निःपक्षपाती? दुसऱ्यांच्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून स्वतःच्या मुलावर करायचा, आणि त्याचं श्रेय स्वतः घ्यायचं. तुमचं नाव चांगलं राहिलं. त्याची किंमत मी बाकावर बसून दिली.

तर मी गुरुवारी प्रॅक्टिसनंतर गाडीत बसून संघ टाकला. लेफ्ट बॅकला तुमची नात. मागच्या सीटवर ती स्वतःचा फोन बघत होती. वाचून म्हणाली, "मम, पीपल विल टॉक." मी म्हटलं, "बोलू देत. तू शनिवारी विंगरला आत येऊ देऊ नकोस." दुसऱ्या मुलीच्या वडिलांनी मेसेज केला, निवड कशी केली ते कळेल का? मी त्यांना विंगरचं सगळं लिहून पाठवलं. त्यांच्या मुलीला शुक्रवारी मैदानावर बोलावून अर्धा तास न घुसता थांबायचं कसं ते शिकवलं. लपवायचं काही नव्हतं.

शनिवारी बॉटनी डाउन्सच्या मैदानावर दव होतं. वीसेक मिनिटं तिने त्या विंगरला हलू दिलं नाही. मग एकदा बॉल अडवायला वळली आणि पाय घसरून पडली. विंगर मोकळी सुटली, गोल झाला. काठावरून कॉफीवाले वडील मोठ्याने म्हणाले, "सब!" म्हणजे हिला बदला. सगळे पालक माझ्याकडे वळले. मॅनेजर माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. तुम्ही असता तर बाबा, तुम्ही तिला त्याच क्षणी बाहेर काढलं असतंत, आणि घरी येऊन हातपाय धुतले असतेत. मी हात बांधून उभी राहिले. गवतावर घसरणं म्हणजे खेळता न येणं नव्हे. दुसरी कुणी घसरली असती तर मी तिला काढलं नसतं, मग हिला का काढू?

आम्ही दोन-एकने हरलो. हरले म्हणूनही माझं चूक ठरत नाही. गाडीत बसल्यावर तिने आधी ओले बूट काढले. मग म्हणाली, "यू शुड हॅव सब्ड मी." मी विचारलं, "का? दमली होतीस?" "नो." "घाबरली होतीस?" "नो. आय जस्ट स्लिप्ड." "मग झालं तर," मी म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ओके," आणि वाटेत एका डेअरीपाशी, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानापाशी, गाडी थांबवायला लावून तिने दोन मीट-पाय घेतले. एक मला दिला. हिवाळ्यात इथे लोक हे गरम गरम खातात, बाहेर मैद्याची पारी, आत मटणाचं सारण, पहिल्याच घासाला टाळूला चटका बसतो.

आणि आता हे ऐका. त्याच सीझनमध्ये पुढे एका मॅचला मी तिला खरंच बसवलं. समोरच्या संघाचा खेळ सगळा वेगाचा होता, तिथे दुसरी मुलगी हवी होती. तिला किचनमध्ये समोर बसवून सांगितलं, या कारणासाठी तू नाहीस. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, दारं आपटली, मराठी तर सोडाच, इंग्रजीतही उत्तर देईना. पण कारण तिच्या हातात होतं. ते खेळातलं कारण होतं, लोकांच्या तोंडातलं नव्हतं. मला तुमच्याकडून एवढंच हवं होतं. माझा डावा पाय कच्चा आहे असं खोटं जरी सांगितलं असतंत तरी मी तो पक्का करायला लागले असते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमचं उत्तर काय आलं असतं ते मला पाठ आहे, आणि मी त्यावर पुन्हा चिडले असते. मला मागे घ्यायचं काहीच नाही. फक्त एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, मॅनेजरला नाही, त्या वडिलांना नाही, तुमच्या नातीला तर नाहीच. गुरुवारी गाडीत संघ लिहिताना सगळे कोच लिहितात तशी मी गोलकीपरपासून सुरुवात केली नाही. आधी लेफ्ट बॅकसमोर तिचं नाव लिहिलं. थोडा वेळ ते बघत बसले, आणि मग बाकीच्या दहा जणी भरल्या.