दुसऱ्या मशीनचा बोर्ड

३ मार्च, सोमवार

बसलं एकदाचं मशीन! दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, तपासणीच्या खोल्यांबाहेर. जुनंच आहे, पण काच शाबूत. बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या. पैसे टाकून बटण दाबलं की स्प्रिंग एक वेढा फिरते आणि एक वस्तू खाली पडते.

ही तिथे अठरा वर्षं साफसफाईला आहे. कुणाकडे कधी काही मागितलं नाही, माझ्यासाठी मोठ्या सिस्टरांपाशी शब्द टाकला. पंधरा तारखेपर्यंत नीट चालवून दाखवायचं, नाहीतर उचलायचं. कारखाना बंद झाल्यापासून मी आठ महिने घरी. देवाजवळ एवढंच मागितलं – हिची मान खाली जाऊ देऊ नकोस.

निघताना सगळ्या स्प्रिंगांना तेल दिलं. सव्वीस वर्षं कारखान्यातल्या कापडाच्या मागांना तेल देऊनच घरी गेलो, त्याशिवाय पाय निघत नाही.

५ मार्च, बुधवार

काल वाटलं, खप जोरात आहे. आज लिफ्टवाल्याने डोळे उघडले. "मामा, तुमच्याकडे एकावर एक फुकट आहे म्हणे. खालच्या मजल्यावरून माणसं येतायत." एक मागितलं की दोन पडतात आणि तो खण बंद होतो. दुपारपर्यंत सगळे खण बंद. तक्रार एकाचीही नाही. कोण करेल?

६ मार्च

फ्यूज पाहिला. वायरी पाहिल्या. दोन मोटरी खोलून परत बसवल्या. काही नाही. तेल दिलं, घरी आलो.

८ मार्च, शनिवार

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्या काकांना फोन केला. आवाज चढला माझा, नको तेवढा. त्यांचे गुडघे गेलेत, तरी जिना चढून आले. बराच वेळ मशीनचा आवाज ऐकत उभे राहिले. बोर्ड गेला असेल म्हणाले – म्हणजे मशीनचा मेंदू. विकताना चांगला होता, अशी देवाची शपथ घेतली. मी तोंड फिरवलं. बरं नाही केलं.

१० मार्च, सोमवार

काका बोर्ड घेऊन आले. एसटी स्टँडवर त्यांचं एक मशीन उरलंय, त्यातला काढून आणला. मी म्हटलं, अहो, मग ते? "राहील दोन दिवस बंद. माझं नाव खराब नको." बसवला.

११ मार्च

दुपारी पुन्हा बंद. तोच प्रकार.

१२ मार्च, बुधवार

मोठ्या सिस्टर हिला सगळ्यांसमोर बोलल्या. काय ते हिने सांगितलं नाही. भाकरी वाढताना फक्त म्हणाली, "नसेल होत तर आजच उचला. मी सांगेन त्यांना."

जेवण गेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज मशीनसमोर बाकावर बसलो आणि काही न करता नुसतं बघितलं. पाकीट जिथून पडतं तिथे खाली दोन बारीक डोळे आहेत. वस्तू पडलेली त्यांना दिसली की स्प्रिंग थांबते. बोट फिरवलं – तेल! वरून माझंच तेल रोज ठिबकत होतं. डोळे आंधळे, म्हणून मशीनला वाटायचं काही पडलंच नाही. ते दुसरं ढकलायचं, मग खण बंद करायचं.

पुसलं. काकांचा बोर्ड काढून जुना घातला. चाळीस वेळा बटण दाबलं, चाळीस वेळा एकच पाकीट.

एवढी वर्षं ज्या सवयीचा अभिमान धरला, तिनेच घात केला. हिला सांगितलं. आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावला.

१४ मार्च

दिवसभर चाललं. काकांचा फोन – झालं का काम? स्टँडवाले कुरकुर करतायत. मी म्हटलं, परवा आणून देतो. बोर्ड पिशवीतच आहे, अर्ध्या तासाचं अंतर. पण उद्या पंधरा तारीख. काही बिघडलंच तर हाताशी असलेला बरा.

१५ मार्च, शनिवार

सिस्टरांनी स्वतः बाटली काढून पाहिली. "राहू दे हो मशीन." ही लांबून बघत होती, फडकं हातात. बऱ्याच दिवसांनी ताठ उभी होती.

शांत झोप लागेल.

१६ मार्च, रविवार

स्टँडवर गेलो. काकांच्या जागी दुसऱ्याचं नवं मशीन. पाच दिवस बंद म्हणून काल सकाळी त्यांचं उचलायला लावलं. ते बाहेर भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. काका शेजारी पायरीवर बसले होते, गुडघा चोळत. मला बघून विचारलं, "तुमचं चाललं ना?"

चाललं म्हटलं. बोर्डामुळेच, असं त्यांना वाटलं. मी वाटू दिलं.